वर काही वाळत घालू नये

११ ऑक्टोबर, मंगळवार

ताउनो आला. नऊ वर्षांनी. मी मांस-बटाटा भरायच्या पॅस्टीचं पीठ मळत होते, तेवढ्यात गॅरेजसमोर ट्रकचा आवाज आला. खिडकीतून पाहिलं तर ट्रकमागे जोडलेला तो कॅम्पर, चाकांवरची खोली. फोनवर सांगितलं होतं त्याने, पण इतका लहान असेल असं वाटलं नव्हतं. पांढरा, खाली हिरवा पट्टा, कोपरे गोल. साठ वर्षं जुना आहे म्हणाला, त्याच्याच वयाचा. आयुष्यभर पाइपलाइनवर जोडकाम करत हिंडला, आता निवृत्त झाला तरी चाकांवरच राहतो.

माझा भाऊ म्हातारा दिसतो. मला आरशात मी दिसते त्याहून म्हातारा, आणि मी चार वर्षांनी मोठी आहे.

वरची खोली मी तीन दिवस आवरत होते. तो वर आला, पलंग पाहिला, खिडकी पाहिली, जिन्याकडे पाहिलं.

"छान केलीस," म्हणाला. "मी बाहेरच झोपतो."

"ताउनो, नोव्हेंबर येतोय. इथे बर्फ कमरेपर्यंत येतो, विसरलास का?"

"विसरलो नाही."

"किती दिवस थांबणार आहेस?"

"म्हातारा भेटेपर्यंत."

बाबांचं खुब्याचं हाड ऑगस्टमध्ये मोडलं, तेव्हापासून ते वृद्धाश्रमात आहेत. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे झाले. ताउनो आलाय हे त्यांना उद्या सांगेन.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

बाबांना सांगितलं. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. मग म्हणाले, "खिडकी लाव, थंडी येते." खिडकी बंदच होती.

घरी येऊन ताउनोला म्हटलं, अजून दोन दिवस जाऊ देत. तो म्हणाला, "बरं." इतकंच.

आज पहिल्यांदा त्याचा कॅम्पर आतून नीट पाहिला. तेरा फूट लांब, आतून साडेसहा फूट रुंद. एका टोकाला पलंग, दुसऱ्या टोकाला टेबल, मध्ये सिंक आणि कपाट. सगळं लाकडाचं, पातळ फळ्यांचं, आणि साठ वर्षं वाळलेलं. पडदे सुती. गादी फोमची. मी हे सगळं एकेक मोजत होते, आणि मनात एकच शब्द फिरत होता, काड्यापेटी.

कपाटाखाली पूर्वी गॅसचा हीटर होता. गंजला म्हणून त्याने काढून टाकला. आता तिथे बूट ठेवतो.

"मग ऊब कशाची?"

"झोपायच्या दोन पिशव्या आहेत. एकात एक घालतो."

पलंगावर आडवं पडलं की हात सरळ दाराच्या कडीला लागतो. म्हणून म्हणे त्याने हाच कॅम्पर घेतला, मोठे दुसरे होते तरी. एकट्या माणसाच्या सवयी.

खोकतोय.

१९ ऑक्टोबर, बुधवार

मागच्या पायरीवरच्या बादलीत आज बोटभर जाडीचा बर्फ. कॅम्परच्या खिडक्यांना आतून दव. मी म्हटलं, "विजेचा हीटर आणते, छोटासा." त्याने कॉफीचा कप खाली ठेवला.

"नको."

"अरे, सगळे वापरतात."

"मला जळणारं काही नको आत."

"विजेचा असतो, जळत नाही."

माझ्याकडे पाहून हसला. छान हसू नव्हतं ते. "तू मला सांगतेस, साइमी?" म्हणाला.

२० ऑक्टोबर, गुरुवार

तरी गेले. हॅन्कॉकला हार्डवेअरच्या दुकानात दीड तास होते. तिथल्या बाईने कंटाळून स्टूल आणून दिलं.

लाल तारांचे, ज्यात तार उघडी दिसते, ते मी हातसुद्धा लावले नाहीत. त्या कपाटासमोरून नुसती गेले तरी मानेला घाम आला. पंख्याचे छोटे होते, हवा गरम करून फेकणारे. पाडलं तर आपोआप बंद होतात, फार तापले तरी बंद होतात. त्यातला एक घेतला.

घरी आणून स्वयंपाकघरात फरशीवर लावला आणि समोर खुर्ची टाकून बसले. दुपारचं जेवण तिथेच. पाचदा मुद्दाम पाडला, पाचही वेळा बंद झाला. पण अडीच तासांनी प्लगला हात लावला तर गरम. चटका नाही, पण गरम. प्लग का गरम व्हावा? आणि याची वरची बाजू सपाट आहे, चांगली हातभर. तिच्यावर कोणीही काहीही टाकेल. खोक्यावर लिहिलंय ठळक अक्षरात: वर काही वाळत घालू नये. वाचतं कोण.

उद्या परत करणार.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

परत केला. दुकानातली बाई म्हणाली, तुम्हाला नक्की कसा हवाय? मी म्हटलं, ज्याच्यावर काही ठेवताच येणार नाही असा. ती म्हणाली, असं आजवर कोणी मागितलं नाही.

२४ ऑक्टोबर, सोमवार

शेजारच्या अर्वोला बोलावलं. तांब्याच्या खाणीत वीज सांभाळायचा, खाण बंद झाली तेव्हापासून गावभर लोकांची घरं तपासत फिरतो. विजेतलं त्याला कळतं आणि तोंड कधी बंद नसतं.

कॅम्परच्या भिंतीतला सॉकेट त्याने उघडला आणि मला बोलावून दाखवला. आतून तपकिरी पडला होता, भाजलेल्या पावासारखा.

"बघ. ही वायर तुझ्या भावाच्या जन्माच्या वेळची. दिवा लावायला ठीक, रेडिओला ठीक. हिच्यावर दीड हजार वॉटचा हीटर लावलास तर भिंतीच्या आत तापेल. आत, कळलं का? बाहेरून तुला दिसणारही नाही."

मला बसावंसं वाटलं. बसायला जागा ताउनोच्या पलंगावरच होती.

"मग काय करायचं?"

"या वायरीला हातच लावायचा नाही. गॅरेजच्या फ्यूजपेटीतून वेगळी जाड वायर आणायची. तिचा फ्यूज वेगळा, सॉकेट वेगळा. घरातली ती पातळ, तपकिरी एक्स्टेन्शन वापरायची नाही, कधीच नाही. आणि हीटर लहान. साडेसातशे वॉट पुष्कळ झाले. हे खोकं आहे साइमी, चर्च नाही."

ताउनो बाहेर लाकडं फोडत होता. अर्वो त्याला ओरडून म्हणाला, "तुझी बहीण तुला उकडून मारणार."

ताउनोने कुऱ्हाड थांबवली नाही.

अर्वो हळूच मला म्हणाला, "हाच ना तो, लहानपणी घर..." आणि माझा चेहरा पाहून गप्प झाला. त्रेपन्न वर्षं झाली. गावाला अजून आठवतंय.

२७ ऑक्टोबर, गुरुवार

दुसरा हीटर आणला. तेलाचा, पांढऱ्या पाकळ्या असतात तो. तार दिसत नाही, लाल होत नाही, आवाज नाही. मला मनापासून आवडला. खोक्यावर लिहिलंय, सर्व बाजूंनी तीन फूट मोकळी जागा ठेवावी.

टेप घेऊन कॅम्परमध्ये गेले. ताउनो पलंगावर बसून पाहत होता. पलंगापासून मोजलं, पडद्यापासून मोजलं, टेबलापासून, सिंकखालच्या कपाटापासून. साडेसहा फुटांत हीटर मध्यभागी ठेवला तरी कुठूनच तीन फूट मिळत नाहीत.

"छतावर ठेव," ताउनो म्हणाला.

मी रडकुंडीला आले होते, त्याला दिसलं असावं. उठून त्याने टेपचं दुसरं टोक धरलं. मग मोजता मोजताच बोलायला लागला, टेपकडे बघत.

"हिरवा खडू होता. मेणाचा. लाल आणि पिवळा आदल्या दिवशी हीटरवर वितळवले होते, तेव्हा आईने कान पिळला. वर छान डबकं व्हायचं गं, रंगाचं. हिरवा राहिला होता. तो मी ठेवला की नाही, मला आठवत नाही. एवढं आठवतं की ठेवायचा होता. बाबा म्हणाले ठेवलास. मग ठेवला असेन."

"तू सात वर्षांचा होतास," मी म्हटलं.

"हो. पण आईची छाती त्यानंतर कधी सुधारली नाही, आणि दोन वर्षांत ती गेली. हिशोब तोच राहतो." टेप सोडला. तो सर्रकन आत गेला. "म्हणून म्हणतो, मी झोपतो तिथे हीटर नको. माझा भरवसा नाही मला."

मी घरात येऊन भांडी घासली. घासलेलीच होती.

३० ऑक्टोबर, रविवार

हे मी कधीच कुठे लिहिलेलं नाही. आज लिहिते, मग पान ठेवायचं की फाडायचं ते पाहू.

घराला आग लागली त्या शनिवारी जेवताना मी निळ्या लोकरी फ्रॉकवर ब्लूबेरीचं सार सांडलं. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये मला पुढे उभं राहून गायचं होतं. आई रागावेल म्हणून मी फ्रॉक गुपचूप धुतला, आणि सगळे झोपल्यावर आमच्या खोलीतल्या हीटरवर पसरला. अकरा वर्षांची होते. लोकर ओली होती, मला वाटलं ओलं कसं जळेल.

जाग मलाच आधी आली. मी ताउनोला हाक मारली नाही. मी धावले. सगळ्यांच्या आधी बाहेर होते, बर्फात, अनवाणी. आईने ताउनोला बाहेर आणलं आणि मग ती परत आत गेली, कारण तिला मी आतच आहे असं वाटलं. मी कोठाराच्या पलीकडे उभी होते. मी ओरडायला हवं होतं, आई मी इथे आहे. आवाज फुटला नाही.

सकाळी बाबांना राखेत हीटर सापडला. म्हणाले, खडू. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. कोणी विचारलं नाही हे खरं आहे.

आई गेल्यावर बाबांनी ताउनोला मिनेसोटात काकांकडे पाठवलं. नऊ वर्षांचा. बसच्या खिडकीतून तो मला हात करत होता.

मी अठ्ठावीस वर्षं शाळेच्या कचेरीत होते. आगीचा सराव असला की मैदानावर मुलं मोजायचं काम माझं. सगळे म्हणायचे, साइमीसारखं कोणी मोजत नाही.

पान फाडलं नाही.

२ नोव्हेंबर, बुधवार

अर्वोने तोड काढली. फिरता हीटर आणायचाच नाही. जुन्या गॅसच्या हीटरची जागा आहे ना कपाटाखाली, तिथे आतून न जळणारा पत्रा आणि सिमेंटची पाटी लावायची, आणि भिंतीत कायमचा बसवायचा छोटा हीटर आणायचा. जमिनीलगत, पुढे जाळी. पडणार नाही, सरकणार नाही, प्लग नाही. जागा फक्त पुढून मोकळी हवी. आणि वरची बाजू कपाटाच्या आत, म्हणजे वर काही टाकण्याचा प्रश्नच नाही.

"जाळीला कपडा अडकवता येईल का?" मी विचारलं.

"बाई गं, तो काय त्यावर फ्रॉक वाळत घालणार आहे?"

अर्वो सहज बोलला. माझ्या हातातली बॅटरी खाली पडली. मी त्याला फार टाकून बोलले, काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो बिचारा हत्यारं गोळा करून गेला. संध्याकाळी त्याच्याकडे वेलदोड्याचा पाव घेऊन गेले आणि माफी मागितली. म्हणाला, "झोपतेस का गं तू हल्ली?"

४ नोव्हेंबर, शुक्रवार

हीटर बसला. नवी वायर, नवा फ्यूज, छताला धुराची घंटा. अर्वोने चार तास लावून ठेवला, दर अर्ध्या तासाने सगळीकडे हात लावून पाहिला. फळ्या गार, वायर गार, कॅम्परच्या आत मात्र कोट काढावा इतकी ऊब. मी खूश होते. खरंच खूश होते. वाटलं, झालं, आता सगळं ठीक होईल.

ताउनो दारात उभा राहून म्हणाला, "चांगलं काम केलंस अर्वो." आत बसला नाही.

आज बर्फ धरला. थांबायचं लक्षण नाही.

७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी नाश्त्याला आला नाही. गेले तर दार आतून लावलेलं, खिडक्यांना आतून बर्फ. आतून. हाका मारल्या तेव्हा कडी निघाली. अंग तापाने फणफणलेलं, ओठ निळसर, आणि हीटरचं बटण बंद.

"कधीपासून बंद आहे?"

"तू घरात गेलीस की बंद करतो."

"तिन्ही दिवस?"

"लावून पाहिला. झोप लागत नाही. वाटतं, झोपेत मी काहीतरी करीन." खोकला आला, तो थांबेना. "तू इतकं केलंस, म्हणून सांगितलं नाही."

दवाखान्यात नेलं. न्यूमोनिया, डाव्या बाजूला. डॉक्टर तरुण मुलगी होती, तिने स्पष्ट सांगितलं, या वयात या थंडीत आणखी एक आठवडा असा काढला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. औषधं दिली, उबेत ठेवा म्हणाली.

परत येताना ट्रक मी चालवत होते. सरोवराच्या बाजूला जिथे गाड्या उभ्या करतात तिथे थांबवला. तो म्हणाला, "काय झालं?"

मी सांगितलं. फ्रॉक, ब्लूबेरी, सगळं. त्याला हाक न मारता धावले ते. कोठाराच्या पलीकडे उभी होते ते. स्टिअरिंगकडे बघत सांगितलं. संपलं तेव्हा काच आमच्या श्वासाने पांढरी झाली होती.

तो बाहीने समोरची काच पुसत राहिला. मग त्याने विचारलं, "हिरवा खडू?"

"तुझ्या दप्तरात होता. सोमवारी मीच पाहिला. दप्तर शाळेत राहिलं होतं."

हे मी या वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं.

तो दार उघडून उतरला. ताप असलेला माणूस, त्या वाऱ्यात, पाण्याच्या कडेपर्यंत चालत गेला. मी मागे गेले नाही, मला तेवढा अधिकार नव्हता. परत आला तेव्हा दात वाजत होते.

"बाबांना सांगितलंस?"

"नाही."

"मग अर्धंच सांगितलंस," म्हणाला, आणि घरी येईपर्यंत बाहेर बघत राहिला.

८ नोव्हेंबर, मंगळवार

ताउनो वरच्या खोलीत नाही, खाली सोफ्यावर, बाहेरच्या दाराशेजारी. औषध घेतो, सूप पितो, माझ्याशी बोलत नाही. "मीठ" म्हणाला एकदा.

१० नोव्हेंबर, गुरुवार

ताप उतरला. दुपारी खिडकीतून पाहिलं तर तो कॅम्परच्या चाकांपुढचा बर्फ फावड्याने काढत होता, मध्ये मध्ये थांबून खोकत. मग ट्रक मागे घेऊन कॅम्परला जोडला. मी कोट न घालताच बाहेर गेले.

"कुठे निघालास? अजून बरा नाहीस तू."

"शनिवारपर्यंत थांबतो," तो साखळी अडकवत म्हणाला. "तोवर तू जाऊन आलीस तर ठीक. नाहीतर मी जातो, आणि परत येत नाही. म्हातारा गेला तरी."

"ते अठ्ठ्याऐंशीचे आहेत, ताउनो. हे ऐकून त्यांना काही झालं तर?"

"मला सातव्या वर्षी सांगितलं होतं," तो म्हणाला. "मला काही झालं नाही असं वाटतं का तुला?"

मी घरात आले. दिवसभर मनाशी वाक्यं जुळवतेय. हीटर निवडणं किती सोपं होतं.

११ नोव्हेंबर, शुक्रवार

रस्ता निसरडा म्हणून गेले नाही. खरं तर भीती. बाबांना आता माझ्याशिवाय कोणी नाही. ते मला "माझी शहाणी" म्हणतात. अजूनही.

१२ नोव्हेंबर, शनिवार

गेले. ताउनो स्वतः ट्रक चालवत आला, कॅम्पर मागे जोडलेलाच. म्हणाला, इथून एकतर परत तुझ्या अंगणात, नाहीतर सरळ हायवे. वृद्धाश्रमाच्या आवारात दोन गाड्यांची जागा अडवून उभा राहिला.

बाबा खुर्चीत बसून रेडिओ ऐकत होते. हरणांची शिकार मंगळवारी सुरू होते, त्याबद्दल बोलणं चालू होतं. मी रेडिओ बंद केला. त्यांना ते आवडलं नाही.

मी एका दमात सांगितलं. जुळवलेली वाक्यं आठवलीच नाहीत.

"नाही," बाबा म्हणाले. "खडू होते. मी स्वतः पाहिलं. वर मेण होतं."

"आदल्या दिवशीचं मेण, बाबा. आग फ्रॉकने लागली. तो मी ठेवला होता."

"तू लहान होतीस. तुला काय आठवणार."

"मी अकराची होते. तो सातचा होता."

"तू त्याला वाचवायला असं सांगतेस. तुझा स्वभावच तसा."

"माझा स्वभाव तसा नाही," मी म्हटलं. "तसा असता तर तेव्हाच सांगितलं असतं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटत होतं ते ओरडतील. लहानपणी त्यांच्या आवाजाने खिडक्या हलायच्या. ते ओरडले नाहीत. त्यांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर होते, ते उचलून त्यांनी मांडीवर ठेवले आणि एकमेकांत गुंतवले.

"मी त्याला बसमध्ये बसवलं," ते म्हणाले. "तो विचारत होता, उन्हाळ्यात परत येऊ का. मी म्हटलं, बघू."



बाहेर कोणीतरी जेवणाची गाडी ढकलत नेली. मग बाबांनी विचारलं, "कुठे आहे?"

"खाली. ट्रकमध्ये. आजारी आहे."

"आजारी माणसाला ट्रकमध्ये ठेवतेस?" जुना आवाज एवढाच निघाला. मग म्हणाले, "कपाटातून माझी पँट काढ. राखाडी. पायजम्यात मी त्याला भेटणार नाही."

पँट घालायला आम्हाला दहा मिनिटं लागली. खुबा मोडलेला. पट्टा दोन भोकं आत घ्यावा लागला. केस त्यांनी स्वतः विंचरले. मी सगळा वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत होते, ते माझ्याकडे एकदाही बघत नव्हते. शेवटी शर्टाचं वरचं बटण लावताना म्हणाले, "तू बाहेर थांब."

ताउनोला खाली जाऊन सांगितलं. त्याने टोपी काढली, घातली, पुन्हा काढली, आणि गेला.

मी बाहेरच्या बाकावर पन्नास मिनिटं बसले. दार बंद होतं. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही आणि मी विचारणार नाही. एकदा खुर्ची सरकल्याचा आवाज आला. एकदा ताउनो खोकला, बराच वेळ, आणि मग बाबांचा आवाज आला, "पाणी घे. अरे, पाणी घे."

ताउनो बाहेर आला, डोळे लाल. माझ्यासमोरून गेला. मी मागोमाग. ट्रकमध्ये बसून किल्ली फिरवली. आवाराच्या तोंडाशी डावीकडे हायवे, उजवीकडे घर. तिथे तो इतका वेळ थांबला की मागच्या गाडीने हॉर्न दिला.

उजवीकडे वळला.

१६ नोव्हेंबर, बुधवार

चार दिवस लिहायला बसले नाही. लिहिण्यासारखं पुष्कळ होतं, पण मी नुसती घरात फिरत होते. बाबा मला भेटले नाहीत. सोमवारी गेले तर नर्स म्हणाली, ते झोपलेत. काल गेले तरी झोपलेत. ताउनो रोज जातो, तेव्हा जागे असतात. ठीक आहे. हे माझं आहे, मला घ्यावं लागेल.

ताउनो रविवारपासून पुन्हा कॅम्परमध्ये. मी हीटर लाव म्हटलं नाही, खिडक्यांकडे पाहिलं नाही, वायरीला हात लावायला गेले नाही. कठीण गेलं.

आज सकाळी स्वयंपाकघराच्या दारात आला, बुटांवरचा बर्फ झटकत. केस उशीवर चेपून उभे राहिलेले, गालावर पांघरुणाची घडी उमटलेली. झोपलेल्या माणसाचा चेहरा.

"बटण किती वर ठेवायचं?" त्याने विचारलं. "मी दोनवर ठेवलं होतं. उकडलं."

"एकवर ठेव."

"दोनदा उठलो. हात लावून पाहिला. मग उठलोच नाही." खुर्ची ओढून बसला. मी त्याच्याकडे पाठ करून उभी होते, कारण चेहरा ताब्यात नव्हता.

"साइमी."

"काय?"

"तुला मी माफ केलंय असं समजू नकोस."

"नाही समजत."

"करीन की नाही, माहीत नाही."

"बरं."

तो थोडा वेळ टेबलावर बोटं वाजवत राहिला.

"कॉफी उरलीय का?"

उरली नव्हती. मी नवी टाकली.